घरातले कोळी: झाडू, डबा, फवारा की दिव्याची जागा बदलणं?

घट बसायला आठवडा राहिला की सातारा-सांगलीकडच्या घरांत काठीला केरसुणी बांधली जाते आणि पावसाळाभर साठलेली जळमटं उतरायला लागतात. नेमका तेव्हाच घरात वाद होतो. दरवर्षी मान वर करून झाडत बसायचं, की एकदाच पैसे टाकून फवारणी करून घ्यायची? आमचं मत आधीच सांगतो. बहुतेक घरांना फवारणीची गरज नसते, आणि ती केली तरी झाडू काही सुटत नाही. पण घरात कोणता कोळी आहे यावर बरंच अवलंबून आहे, म्हणून आधी छताकडे नीट बघा.

कोणता कोळी आहे?

छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलेला, केसासारख्या बारीक लांब पायांचा कोळी सगळ्यांच्या ओळखीचा आहे. त्याच्या जाळ्याला काठीचं टोक हलकेच लावा. तो पळत नाही. जाळ्यासकट इतका जोरात गरगर हलतो की त्याचं अंग धूसर दिसायला लागतं. मादी अंडी भिंतीला चिकटवत नाही, तोंडात धरून बसते. राजगिऱ्याचे दाणे एकत्र चिकटवून पुरचुंडी करावी तशी ती दिसतात. घरातली बहुतेक जळमटं याच कोळ्याची. तो जुनं जाळं आवरत नाही, त्यातच भर घालतो किंवा शेजारी नवं विणतो. ताजं जाळं तिरपा उजेड पडल्याशिवाय दिसतसुद्धा नाही. काळे दोरे लोंबताना दिसतात ते धूळ आणि चुलीचा धूर बसलेलं जुनं जाळं, पुष्कळदा रिकामं. त्यामुळे दहा जळमटं दिसली म्हणजे घरात दहा कोळी आहेत असं नाही. या कोळ्याची क्रॉसोप्रायझा लायनी ही जात डेंग्यू पसरवणारे डास खाते, आणि तिच्यावरचा थायलंडमधला अभ्यास 1997 साली प्रसिद्ध झाला आहे.

दुसरा असतो तळहाताएवढा, चपटा, तपकिरी. रात्री बाथरूमचा दिवा लावला की भिंतीवर दिसतो आणि क्षणात कपाटामागे जातो. हा जाळं विणतच नाही. झुरळांची शिकार करतो. मादी पोटाखाली पांढरी, चपटी, रुपयाच्या नाण्यासारखी पिशवी घेऊन फिरते. ती अंड्यांची पिशवी. तिसरा बोटाच्या पेरापेक्षाही लहान, भिंतीवर दिवसा टुणटुण उड्या मारणारा. तो माश्या आणि चिलटं टिपतो, घाण करत नाही. त्याच्यासाठी काहीही करायची गरज नाही.

या तिघांपैकी कुणापासूनही जिवाला धोका नाही. मोठा चपटा कोळी हातात दाबला गेला तर चावतो आणि दुखतं, पण तेवढंच.

झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर

लांब पायांच्या कोळ्यासाठी झाडूसारखा उपाय नाही, फक्त तो मारायची पद्धत बदलायला हवी. सपासप झाडलं की जाळं तुटून भिंतीला चिकटतं, कोळी दोऱ्यावरून खाली उतरतो आणि पलंगाखाली जातो. त्याऐवजी काठीचं टोक कोपऱ्यात टेकवा आणि वात वळतात तशी काठी फिरवत जा. जाळं, कोळी आणि तोंडातली अंडी तिन्ही एकत्र गुंडाळून निघतात. नायलॉनच्या गोल ब्रशची लांब होणारी काठी मिळते, ती सगळ्यात सोयीची. नसेल तर बांबूला केरसुणी बांधून तिच्यावर जुनं सुती कापड गुंडाळा. कापड घट्ट पिळून किंचित ओलसर ठेवा. जास्त ओलं राहिलं तर चुन्याच्या किंवा डिस्टेंपरच्या भिंतीवर काळे ओरखडे उठतात आणि ते रंग दिल्याशिवाय जात नाहीत.

सुरुवात छतापासून करून खाली या. पंखे आणि ट्यूबलाइट आधी बंद करा. लोकांच्या नजरेतून सुटणाऱ्या जागा ठरलेल्या असतात: ट्यूबच्या पट्टीमागे, मीटरच्या पेटीवर, गॅस सिलिंडरच्या मागे, पलंगाच्या खालच्या फळीला, माळ्यावरच्या भांड्यांत, पडद्याच्या दांडीच्या टोकाला. झाडून झालं की काठी गॅलरीतून झटकू नका. तिथला कोळी संध्याकाळपर्यंत खिडकीतून परत येतो. अर्धी बादली पाण्यात चमचाभर भांडी घासायचं लिक्विड टाका आणि ब्रश त्यात बुडवून हलवा. साबणाच्या पाण्यात कोळी बुडतात, नुसत्या पाण्यावर बराच वेळ तरंगतात.

एकदा झाडून भागत नाही. काही अंडी सुटतातच, शिवाय पिल्लं इतकी बारीक असतात की ती दिसत नाहीत. पंधरा दिवसांनी परत एकदा हात फिरवा. नंतर महिन्यातून एकदा पुरे. दरवर्षी फक्त नवरात्राच्या आधी झाडणाऱ्या घरात जळमटं का वाढतात याचं उत्तर इथेच आहे.

व्हॅक्यूम क्लीनर कपाटामागच्या आणि खिडकीच्या रुळांतल्या जाळ्यांसाठी झाडूपेक्षा बरा. दहा फुटांच्या छतासाठी मात्र त्याची नळी पुरत नाही, आणि जाळं ब्रशमध्ये अडकून बसतं. आत ओढलेला कोळी मेलाच असं समजू नका. पिशवी त्याच दिवशी घराबाहेर रिकामी करा.

बरेच दिवस बंद असलेली गॅस शेगडी असेल तर बर्नरची नळी बघून घ्या. कोळ्याने आत जाळं केलं की हवा नीट मिळत नाही आणि ज्योत पिवळी होऊन भांडी काळी पडतात. बेदाण्याच्या शेडला किंवा गोठ्याला सीसीटीव्ही लावला असेल तर रात्री त्याच्या इन्फ्रारेड उजेडात कोळी काचेसमोरच जाळं बांधतो आणि मोबाइलवर रात्रभर हालचालीचे इशारे येत राहतात. तिथे आठवड्याला कोरडा ब्रश फिरवणं हाच उपाय.

डबा आणि पुठ्ठा

मोठ्या चपट्या कोळ्यावर झाडू आपटणं सगळ्यात वाईट. तो वेगाने पळतो, फटका हुकतो, आणि मग तो कुठल्या कोपऱ्यात आहे या धास्तीने घरातलं कुणी झोपत नाही. अंड्यांची पिशवी असलेली मादी चिरडली तर पिशवी फाटून पिल्लं पसरू शकतात. एका पिशवीत शंभर-दोनशे पिल्लं सहज असतात.

त्यापेक्षा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. तोंड किमान पाच-सहा इंच रुंद हवं. पाण्याच्या पेल्याने प्रयत्न करू नका, कोळ्याचे पाय बाहेर राहतात आणि तुटतात. डबा हळूहळू समोरून जवळ न्या आणि शेवटच्या चार बोटांवर एकदम भिंतीला टेकवा. मग जुन्या कॅलेंडरचा पुठ्ठा किंवा जाड लग्नपत्रिका भिंतीला घासत खालून सरकवा. कोळी स्वतःच पुठ्ठ्यावर चढतो. डबा-पुठ्ठा एकत्र धरून गोठ्याकडे, लाकडाच्या ढिगाकडे किंवा बांधाकडे सोडा. दाराबाहेरच्या पायरीवर सोडलात तर त्याच रात्री आत येईल.

झुरळं भरपूर असलेल्या घरात हा कोळी नुसता बाहेर सोडून उपयोग नाही. खायला मिळतंय तोवर दुसरा येणारच. आधी झुरळांचा बंदोबस्त करा.

फवारा आणि पेस्ट कंट्रोल

दुकानातला स्प्रे कोळ्याच्या थेट अंगावर पडला तर तो मरतो, यात शंका नाही. अडचण पुढे आहे. छताकडे तोंड करून मारलेला फवारा आपल्या डोळ्यांत आणि खाली ठेवलेल्या भांड्यांत पडतो. मोठ्या कोळ्याला अर्धवट लागला तर तो वेडावाकडा धावत सुटतो. भिंतीवर मारून ठेवलेलं औषध झुरळावर जसं चालतं तसं कोळ्यावर चालत नाही. झुरळ पोट घासत चालतं आणि मिशा-पाय तोंडाने साफ करतं, म्हणून औषध त्याच्या पोटात जातं. कोळी पायांच्या टोकांवर उभा असतो आणि जाळ्यातला कोळी तर भिंतीला क्वचितच टेकतो. मुंग्या-झुरळांचा खडू कोळ्यावर चालत नाही तो याच कारणाने.

पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलवायचंच असेल तर पैसे देण्याआधी एक प्रश्न विचारा: जेल लावणार की फवारणार? जेल हे झुरळांचं आमिष आहे. कोळी जिवंत शिकारच खातो, जेलला तोंड लावत नाही. झुरळं कमी झाली की मोठे कोळी हळूहळू कमी होतात, हा जेलचा आडून होणारा फायदा मात्र खरा. फवारणी केली तरी जाळी तशीच राहतात, म्हणजे झाडू मारावाच लागतो.

घरात मांजर, माशांची टाकी किंवा शेजारी रेशीम किड्यांची शेड असेल तर फवारा नकोच. या औषधांतला पायरेथ्रॉइड गट मांजरांना, माशांना आणि रेशीम किड्यांना विशेष घातक आहे. मुंग्या-झुरळांसाठी तरी फवारायचंच ठरलं, तर अन्न आणि पाणी झाका, टाकीचा एअर पंप बंद करून टाकीवर प्लास्टिक टाका, आणि खोली नीट हवेशीर होईपर्यंत लहान मुलांना आत सोडू नका.

पुदिना, लिंबू, डांबर गोळ्या

2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पुदिन्याच्या तेलापासून काही जातींचे कोळी दूर राहिले, लिंबाच्या तेलाचा काही परिणाम दिसला नाही. म्हणजे लिंबाच्या साली खिडकीत ठेवणं सोडून द्या. पुदिन्याचं तेल उडून जातं, त्यामुळे दर काही दिवसांनी पुन्हा लावावं लागतं, आणि मांजर असेल तर तेही नको. डांबर गोळ्या कोळ्यांसाठी खोलीभर टाकणं तर धोक्याचं. तान्ह्या बाळाच्या खोलीत आणि कपड्यांत त्या अजिबात ठेवू नयेत.

दिवे, फटी, जाळी

कोळी माणसासाठी घरात येत नाही, किड्यांच्या मागे येतो. उसाच्या आणि द्राक्षाच्या पट्ट्यात घर असेल, दारावर पांढरी ट्यूब असेल, तर संध्याकाळी चौकटीभोवती चिलटांचा थर बसतो आणि महिनाभरात चौकटीच्या चारही कोपऱ्यांत जाळी दिसतात. पांढऱ्याऐवजी पिवळसर एलईडी लावा. पाकिटावर 2700 केल्विन किंवा त्याच्या आसपास लिहिलेला. त्याहून चांगलं म्हणजे दिवा दारावरून काढून पाच-सहा पावलांवर खांबाला लावा आणि त्याचं तोंड दाराकडे करा. उजेड दारात पडतो, किडे खांबाजवळ राहतात.

दाराखालची फट रबरी किंवा ब्रशच्या पट्टीने बंद करा. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून चपटा कोळी सहज आत येतो. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी लावा, पण जाळी आणि चौकट यांच्यामधली रेघही बघा, बहुतेक कोळी तिथूनच शिरतात. बाथरूमच्या मोरीला जाळीचं झाकण हवं.

कुठल्या घराला काय

सांगली-मिरज किंवा सातारा शहरातल्या स्लॅबच्या फ्लॅटला फटी आणि दिवे यांच्यावर आधी खर्च करा. दार-खिडक्या एकदा नीट बंद झाल्या की महिन्याचा झाडू दहा मिनिटांत होतो. वाईकडच्या जुन्या वाड्याला किंवा माळवदाच्या घराला हे लागू नाही. तुळया, सर आणि फळ्यांमधल्या फटी बुजवत बसणं अशक्य आहे, तिथे लांब काठी आणि दिव्याची जागा हेच दोन उपाय. पाटण, जावळी, महाबळेश्वरकडच्या कौलारू घरांत पावसाळ्यात कौलांखाली कोळी येणारच. तिथे झोपायच्या खोलीपुरतं छत झाडा, पलंगावर मच्छरदाणी लावा आणि बाकीच्यांना राहू द्या. बिळात राहणारा केसाळ जाडजूड कोळी घाटाकडे अंगणात कधीतरी दिसतो. त्याला हात लावू नका, फावड्याने मारूही नका. लांब दांड्याच्या सुपलीत घेऊन झाडीत सोडा.

पत्र्याच्या शेडला, बेदाण्याच्या असो की हळदीच्या, माल भरण्याआधी जाळी काढणं फायद्याचं. मालावर पडलेली जळमटं नंतर वेचणं फार त्रासाचं होतं.

"कोळी मुतला" म्हणतात तेव्हा

पावसाळ्यात मानेवर किंवा हातावर जळल्यासारखी लाल रेघ उठते, दुसऱ्या दिवशी पाण्याचे बारीक फोड येतात आणि घरातले म्हणतात कोळी मुतला. पुष्कळदा तो कोळी नसतोच. दिव्याकडे येणारा, मुंगीसारखा लांबट, नारिंगी-काळा एक बारीक भुंगेरा असतो. तो ओल्या शेतांत राहतो, चावत नाही, पण अंगावर चिरडला गेला की त्याच्या अंगातलं रसायन कातडी भाजतं. एक ते दोन दिवसांनी फोड येतात, म्हणून कारण लक्षात येत नाही. अंगावर बसला तर फुंकर मारून उडवा, चिरडू नका. चिरडला गेला तर लगेच साबणाने धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका.

फोड शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे आले आणि आत ठणका असेल तर ती नागीण असू शकते. त्यावर चुना किंवा लेप लावत बसू नका. फोड दिसल्यापासून 72 तासांच्या आत डॉक्टरांकडे गेलात तर औषधाचा उपयोग सगळ्यात जास्त होतो.