फुकटच्या डॉसबॉक्सचे ६,५०० रुपये उकळले

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हापासून "जुनं सगळं नव्यावर चालवून देतो" म्हणणारे नागपूरच्या इतवारीत दुकानोदुकानी फिरताहेत. आमचा उधारीचा जुना डॉस प्रोग्राम नव्या विंडोज ११ वर चालवून देतो म्हणत त्यातल्या एकाने आमचे १५,५०० नेले: "लेगसी पॅक" ६,५००, "डेटा मायग्रेशन" ३,२००, प्रिंटरची केबल १,८००, वर्षाची एएमसी (देखभालीचा करार) ४,०००. सगळे रोख.

विंडोज ११ फक्त ६४-बिटमध्ये येतं आणि त्यावर १६-बिट डॉस प्रोग्राम चालत नाही, एवढं तो खरं बोलला. पण "पॅक" म्हणजे निव्वळ डॉसबॉक्स, नव्या मशीनवर जुने डॉस प्रोग्राम चालवणारं फुकटचं सॉफ्टवेअर; आणि मायग्रेशन म्हणजे डीबीएफ (जुन्या डेटाच्या) फाइलींचं फोल्डर पेन ड्राइव्हवरून उचलून टाकणं!

काळी खिडकी उघडली तेव्हा झेड:\> असं आलं होतं. मशीनला झेड ड्राइव्ह नव्हतीच. ती डॉसबॉक्सची स्वतःची, नावापुरती. वरच्या पट्टीवर तर नाव नि व्हर्जन लख्ख छापलेलं असतं. त्याने लगेच ऑल्ट-एंटर दाबून खिडकी फुल स्क्रीन केली, पट्टी गायब. तिथेच त्याचा हात धरायचा होता. पण वर्षानुवर्षांच्या उधारीची खाती समोर जशीच्या तशी दिसत असताना पट्टी कोण वाचतो? तोंडावरून तर चांगल्या घरचा वाटला.

मग त्याने डॉट मॅट्रिक्सवर विंडोजचं टेस्ट पेज छापून दाखवलं. तेवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. जुना प्रोग्राम एलपीटी१ ला, म्हणजे प्रिंटरच्या जुन्या पॅरलल पोर्टला लिहितो. यूएसबी-पॅरलल केबल तसा पोर्ट बनवत नाही, विंडोजला नुसता यूएसबी प्रिंटर दिसतो. शिवाय साध्या डॉसबॉक्स ०.७४ मध्ये छपाईची सोयच नाही; त्यासाठी डॉसबॉक्स-एक्स किंवा व्हीडॉसप्लस घ्या, दोन्ही फुकट. आपल्याच प्रोग्राममधून बिल छापून निघाल्याशिवाय एक पैसा सोडू नका. पॅरलल पोर्टचा डोंगल (प्रोग्रामच्या परवान्याची चावी) या केबलवर चालणार नाही, कोणी कितीही शपथा घेवोत. डोंगल असेल तर जुनं ३२-बिट मशीन इंटरनेट काढून ठेवून द्या.

वजनकाटा बंद पडला तर म्हणे मदरबोर्ड बदला, ९,००० लागतील. ते दिले नाहीत. डिव्हाइस मॅनेजरमध्ये "पीएल२३०३एचएक्सए फेज्ड आउट सिन्स २०१२" दिसत होतं, म्हणजे काट्याच्या सिरियल केबलची चिप जुनी, नवा ड्रायव्हर तिला मुद्दाम नाकारतो. अपडेट ड्रायव्हरमध्ये जाऊन यादीतून २००८ चा ३.३.२.१०५ ड्रायव्हर निवडला की काटा चालू.

पोलिस ठाण्यात म्हणाले, माल मिळाला, बिल आहे, मग फसवणूक कसली? सायबरवाल्यांनी विचारलं, पैसे ऑनलाइन गेले का? रोख म्हटल्यावर फाइलच मिटली. तिसऱ्या टेबलावर ऐकवलं, तुम्ही व्यापारी, ग्राहक नाही. अहो, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात "व्यावसायिक हेतू" धरत नाहीत! हेही आम्हीच सांगायचं? जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. हे एकानेही सांगितलं नाही.

बिलावर सॉफ्टवेअरचं नाव नि व्हर्जन लिहून घ्याच. आमच्या बिलावर नुसतं "कॉम्प्युटर सर्व्हिस" आहे, आणि तो प्रत्येक ठिकाणी तेवढंच दाखवतो.