ललिताजींचा हिशेब की फेविकॉलची बस?

1980च्या दशकात स्वस्त निरमापुढे सर्फ महाग वाटू लागला. तेव्हा सर्फच्या जाहिरातीतल्या गृहिणी ललिताजींनी टीव्हीवर सरळ हिशेब मांडला: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो साध्या पावडरीइतकं काम. आक्षेप किमतीचा असेल तर असा तर्कच लागतो. विनोदाने ती शंका फिटत नाही.

फेविकॉलच्या बसच्या जाहिरातीत हिशेब नाहीच. टपापर्यंत माणसं लगडलेली, रस्ता खडबडीत, तरी कुणी पडत नाही. शेवटी बसच्या मागे फेविकॉलची पाटी दिसते आणि कोडं सुटतं. हसू येतं ते चिकटण्याचंच, आणि हीच या जाहिरातीची खरी ताकद. गंमत मालाच्या गुणातून निघाली नाही, तर लोक विनोद सांगत फिरतात आणि ब्रँड विसरतात. संवादांची गरज नसल्याने ती कुठल्याही भाषेत कळते. ललिताजींचा युक्तिवाद मात्र समोरच्याने भाव बदलला की पुन्हा लिहावा लागतो.