ठाण्यात अशनी विकत मिळतात: लोखंडी घेऊ नका, काळा दगड घ्या

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, खाली थोडी तक्रार पण आहे म्हणून. एवढंच सांगते की नौपाड्यात आहे, खाली खड्यांचं दुकान, पुखराज, नीलम वगैरे, आणि मागून अरुंद जिना चढून गेलं की पोटमाळ्यावर काकांनी स्वतःच्या हौसेचं कपाट ठेवलंय त्यात अशनी. उल्का नाही हां, काका पहिल्या वाक्यालाच दुरुस्त करतात. आकाशात जळताना दिसते ती उल्का, जळून उरलेला तुकडा जमिनीवर पडला की तो अशनी.

मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये गेले, ऐरोलीहून ट्रेनने, बाबांना घेऊन. बाबा वागळे इस्टेटमध्ये फाउंड्रीत तीस वर्षं होते, त्यांना ह्या विषयात शून्य इंटरेस्ट, पण ते आले म्हणून माझे पैसे वाचले, ते पुढे येईलच.

आधी चांगलं सांगते. काका घाई करत नाहीत. दहा पट मोठं दाखवणारं सोनाराचं भिंग हातात देतात, खिडकीपाशी स्टूल देतात, आणि बघत बसा म्हणतात. मी अलेंडे नावाच्या अशनीची एक पातळ चकती घेतली, जेमतेम सव्वाचार ग्रॅम, साडेसहा हजार रुपये. दिसायला काहीच नाही हो, राखाडी-काळा डांबराचा तुकडा वाटावा. आई तर म्हणाली की रस्त्याचं काम चालू आहे तिथून आणला असतास तर फुकट मिळाला असता. पण भिंगाखाली धरला की त्या काळ्यात बारीक गोल गोल दाणे दिसतात, मोहरीएवढे, आणि मधेच एक वेडावाकडा पांढरट ठिपका, भाताचं शीत चिकटून राहिल्यासारखा. त्या ठिपक्यासाठी मी पैसे मोजले.

अलेंडे हा अशनी 8 फेब्रुवारी 1969 ला मेक्सिकोत पडला, चिवावा राज्यात, आणि गोळा केलेले तुकडे दोन टनांच्या आसपास भरले म्हणून तर माझ्यासारखीला परवडतो. नशीब असं की त्याच वर्षी जुलैत अपोलो 11 चंद्रावरून दगड आणणार होतं, प्रयोगशाळा त्यासाठी सज्ज होऊन बसल्या होत्या, त्यांच्या हातात आधी हा पडला. पांढरा ठिपका म्हणजे कॅल्शियम आणि अ‍ॅल्युमिनियमची खनिजं. सूर्य तयार होत होता तेव्हा भोवतीचा वायू प्रचंड तापलेला, तो निवायला लागल्यावर सगळ्यात आधी जे घट्ट झालं ते हे. फ्रीजमध्ये खोबरेल आणि शेंगदाण्याचं तेल शेजारी ठेवा, खोबरेल आधी थिजतं ना, तसं समजा. त्याचं वय 456 कोटी 70 लाख वर्षं, म्हणजे दशलक्षात लिहिलं तर 4567, चार पाच सहा सात, माझ्या मुलाला एकदा सांगितलं आणि पाठ झालं. सूर्यमालेचा जन्मदाखला कुठून मोजायचा तर ह्या ठिपक्यांपासून मोजतात. पृथ्वीवरचा कुठलाच दगड एवढा जुना नाही कारण पृथ्वीने स्वतःचे सगळे जुने दगड वितळवून टाकलेत.

मोहरीसारखे दाणे म्हणजे कॉन्ड्रूल, अवकाशात वितळून परत थिजलेले थेंब, बरेचसे ठिपक्यांनंतर वीस-तीस लाख वर्षांनी झालेले. त्यांना वितळवलं कशाने ह्यावर शास्त्रज्ञांची अजून भांडणं चालू आहेत.

आता माझी चूक. हा दगड घेतल्यावर गप्प घरी यायचं, तर मी चमकणाऱ्या तुकड्यावर भाळले. काम्पो देल सिएलो, अर्जेंटिनाचा लोखंडी अशनी, 62 ग्रॅम, साडेनऊ हजार. हातात घेतलात तर कळेल, एवढासा पण काय जड! एक बाजू कापून पॉलिश केलेली आणि अ‍ॅसिडने उठवलेली, त्यावर एकमेकांना छेदणाऱ्या रुंद रुपेरी पट्ट्या. ही नक्षी कुणी काढत नाही, लोखंड आणि निकेल इतकं सावकाश थंड होतं, लाखो वर्षं घेत, की दोन प्रकारचे स्फटिक वेगळे वाढतात. कुठल्याच कारखान्यात होणार नाही. बाबा इथे पहिल्यांदा खुर्चीतून उठले. तीस वर्षं ओतकाम केलेल्या माणसाने तो तुकडा बराच वेळ उन्हात तिरका धरून बघितला आणि एवढंच म्हणाले, "एवढा वेळ कुणाकडे आहे."

दोन्ही एकत्र घेण्यामागे माझं लॉजिक होतं, आणि ते अजूनही बरोबर वाटतं. सुरुवातीच्या काळात अ‍ॅल्युमिनियम-26 नावाचं किरणोत्सारी अ‍ॅल्युमिनियम सगळीकडे मिसळलेलं होतं, दर सात लाख वर्षांनी अर्धं होणारं आणि तसं होताना उष्णता सोडणारं, त्याचा पुरावा 1976 मध्ये ह्याच अलेंडेच्या पांढऱ्या ठिपक्यांत मिळाला. जे लघुग्रह घाईने आधी बनले त्यांच्या पोटात ही शेगडी फुल्ल पेटलेली, ते वितळले, लोखंड तळाशी गेलं, आणि लोखंडी अशनींपैकी बरेचसे अशा वितळलेल्या घरातले. जे उशिरा बनले त्यांच्या वाट्याला विझत आलेली शेगडी. म्हणून लोखंडी तुकडा म्हणजे शिजून गोळा झालेली खिचडी, आणि अलेंडे म्हणजे पातेल्यात नुसतेच मिसळून ठेवलेले डाळ-तांदूळ, अजून दाणा न् दाणा ओळखू येतो. काय काय घातलं होतं हे बघायचं असेल तर कच्चंच घ्यावं लागतं.

पण ठाण्याची हवा! जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात घरचं शोकेस उघडलं तर लोखंडी तुकड्याखालच्या कागदावर चहासारखे तपकिरी डाग, आणि नक्षीवर बारीक बारीक थेंब, घाम आल्यासारखे. काम्पोचा तुकडा चार-पाच हजार वर्षं मातीत पडून होता, त्यात क्षार शिरलेले असतात, दमट हवा मिळाली की आतून गंजतो. हे घेताना काकांनी सांगायला हवं होतं की नाही? फोन केला तर म्हणाले शिलाई मशीनचं तेल लावा. अहो काका, साडेनऊ हजार घेताना तेलाची बाटली तरी द्यायची! बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तेव्हा कुठे थेंब थांबले, डाग मात्र गेले नाहीत. अलेंडे त्याच शोकेसमध्ये होता, त्याला वरवर तरी काही झालेलं दिसलं नाही, पण घाबरून आता तोही डब्यातच.

दुसरी तक्रार खालच्या कप्प्याची. तिथे "चांद्र अशनी" अशी चिठ्ठी लावलेले काळे तुकडे होते, अडीच हजाराला एक. मी घेणारच होते. बाबांनी एक उचलला, काकांचंच मॅग्नेट लावलं, टक्कन चिकटलं, मग उलटा करून बुडबुड्यांची भोकं दाखवली आणि म्हणाले, "हा स्लॅग आहे, भट्टीतला टाकाऊ मळ, आमच्याकडे ट्रक भरून जायचा." चंद्राच्या दगडात धातू नावापुरता असतो, मॅग्नेट असं चिकटत नाही, आणि अशनीत अशी पावासारखी भोकं क्वचितच असतात. काका बिचारे ओशाळले, म्हणाले पार्टीने लॉटमध्ये दिले, मी तपासले नव्हते. खरं असेलही. त्यांनी चिठ्ठी तिथल्या तिथे काढली हे त्यांच्या बाजूने लिहिते. पण ऑगस्टमध्ये गेले तर कप्पा तसाच, फक्त आता चिठ्ठी नाही.

लोखंडी तुकड्याची निकेल टेस्ट मात्र त्यांनी न मागता केली, इअरबडवर दोन थेंब, घासलं की गुलाबी, म्हणजे निकेल आहे. सर्टिफिकेट म्हणून जो चकचकीत कागद देतात त्याला काही अर्थ नाही, कुणीही छापेल. त्यापेक्षा नाव विचारा आणि मेटिओरिटिकल बुलेटिनच्या डेटाबेसमध्ये फुकट शोधा, खऱ्या, नोंद झालेल्या अशनीचं नाव, वर्ष, प्रकार, वजन सगळं तिथे असतं. नुसतं "एनडब्ल्यूए" लिहून पुढे नंबर नसेल तर वायव्य आफ्रिकेच्या वाळवंटातला, अजून वर्गीकरण न झालेला, तो स्वस्तच मिळायला हवा.

भारतात पडलेला एखादा आहे का असंही विचारलं. बिहारमध्ये 1865 ला पडलेला शेरगोटी, ज्याच्यावरून मंगळाच्या दगडांच्या एका अख्ख्या प्रकाराला शेरगोटाइट म्हणतात, किंवा जयपूरजवळचा 2017 चा मुकुंदपुरा. काका हसले, "ते कलकत्त्याला, जिऑलॉजिकल सर्व्हेकडे. माझ्याकडे कुठून येणार?" हा माणूस वाटेल ते खपवत नाही, एवढं त्यावरून कळलं.

आम्ही बसलेलो असताना एक बाई वर आल्या, शनीचा दगड द्या म्हणाल्या, मुलाला साडेसाती चालू आहे. काका म्हणाले, "ताई, शनी नाही, अशनी." बाई म्हणाल्या, "तेच ते, लॉकेटमध्ये बसेल ना?" काकांनी सेकंदभर माझ्याकडे बघितलं आणि बसेल म्हणाले. दुकान कशावर चालतं ते समजलं, राग नाही आला.

पाचपैकी साडेतीन. संध्याकाळी सहाच्या आत जा, नंतर खिडकीतला उजेड जातो आणि ट्यूबलाइटखाली पांढरा ठिपका धड दिसत नाही. पार्किंग विसरा. माझा गंजलेला तुकडा ऑगस्टमध्ये काकांनी परत घासून, क्षार काढून देतो म्हणून ठेवून घेतलाय, पावती दिलीये, गणपतीनंतर या म्हणाले होते. गणपती झाले, आता नवरात्रानंतर म्हणतायत.