लकडगंजातला आफ्रिकन साग: घ्यायचा तर टोकं बघून

नागपुरातल्या लकडगंजच्या लाकडाच्या टालांवर सीपी सागाला (जुन्या मध्य प्रांताचा, म्हणजे मध्य भारतातला साग) लागूनच 'आफ्रिकन साग' रचलेला असतो, घाना नाहीतर टांझानियाचा. आतल्या दारांना, पलंग-कपाटाला चालतो. पाऊस झेलणाऱ्या चौकटीला मात्र सीपीच घ्या.

नावावर जाऊ नका. साग आफ्रिकेचा नव्हेच. टांझानियात तो जर्मन राजवटीत नेऊन लावला. येतो तो लागवडीचा माल, आणि फळीतली खोट बहुधा तिकडच्या शेतातच सुरू झालेली असते. तीन बाय तीन मीटरवर लावला तर हेक्टरी साधारण 1,100 झाडं बसतात. ती वेळेवर विरळली नाहीत की खोडं भरत नाहीत. लहान शेतकऱ्याला पैशाची नड आली की झाड कोवळंच पडतं. मग गाभा कमी, कडेचं पांढरं लाकूड जास्त. कीड लागते ती याच पांढऱ्याला. फांद्या वेळीच छाटल्या नसतील तर फळीभर गाठी. कोरड्या दिवसांत गवत पेटून बुंधा भाजला असेल तर तिथे काळा, पोकळ डाग.

म्हणून दोन्ही टोकं बघा, फळी उलटून बघा. पांढरा पट्टा दोन बोटांहून रुंद असेल तर ती बाजूला काढा. खोडाची मधली नळी आली असेल तर फळी हमखास उभी तडकते. ओलावा मीटर लावून मोजायला सांगा, 10 ते 12 टक्के हवा. ओला माल बसवला की आपल्या मे महिन्यात सांधे उघडलेच म्हणून समजा.

'जंगल वाचवणारं लाकूड' म्हणून भाव चढवला तर बिलावर एफएससीचा (जंगल जबाबदारीने राखल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र) दावा आणि विक्रेत्याचा प्रमाणपत्र कोड मागा. मधल्या एका जरी व्यापाऱ्याकडे प्रमाणपत्र नसेल तर साखळी तुटली. भिंतीवर फ्रेम करून लावलेल्या प्रमाणपत्राला अर्थ नाही. गावकऱ्यांनी राखलेल्या जंगलाची गोष्टही ऐकवतात. टांझानियाच्या किल्वा जिल्ह्यात अशी गावं खरंच आहेत, 2009 मध्ये तिथल्या गावजंगलाला एफएससी मिळालं. पण ते नैसर्गिक जंगल, म्पिंगोसारख्या (आफ्रिकन ब्लॅकवुड) झाडांचं. सागाशी त्याचा संबंध नाही.

माप स्वतः करा. 7 बाय साडेतीन फुटी चौकट, उंबरा नाही, लाकूड 5 बाय 3 इंची: साडेसतरा फूट गुणिले 15, भागिले 144, म्हणजे 1.82 घनफूट. तासणीची घट धरून दोन ठीक. अडीच लावले तर हिशेब मांडायला सांगा.