अरुबा की पोर्टो रिको?

अमेरिकेत राहणाऱ्या मित्रमंडळींना तीन-चार दिवसांसाठी कॅरिबियन गाठायचं असेल, तर ही दोन नावं हमखास निघतात. कुणा एकाच्याही पासपोर्टवरचा एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाचा स्टॅम्प संपला असेल, तर वाद तिथेच मिटतो. पोर्टो रिको अमेरिकेचाच प्रदेश, प्रवास देशांतर्गत. अरुबाहून परतताना वैध व्हिसा लागतो.

निव्वळ किनाऱ्यावर लोळायचं तर अरुबा सरस. ईगल बीचची पांढरी वाळू, कोरडी हवा, अखंड वारा. बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला, त्यामुळे सप्टेंबरातही धाकधूक कमी. पण लांबी जेमतेम 32 किलोमीटर. आमच्यासारखे चुळबुळे लवकर कंटाळतात.

म्हणून माझं मत पोर्टो रिकोला. जुन्या सान हुआनच्या गल्ल्या, एल मोरो किल्ला, एल युंकेचं वर्षावन. व्हिएकेस बेटावरच्या मॉस्किटो बेमध्ये रात्री कायाक वल्हवताना पाणी निळसर चमकतं; तारखा अमावास्येच्या आसपासच्या धरा, चांदण्यात मजा जाते. कुलेब्रा बेटाचा फ्लमेन्को बीचही देखणा, फक्त सेइबा गावाहून सुटणाऱ्या फेरीबोटीची तिकिटं आधी काढा. शाकाहाऱ्यांनी कच्च्या केळ्यांचा मोफोंगो मागवताना जपून, त्यात बहुधा डुकराचं मांस असतं.