स्फॅलेराइट-गॅलेनाचं तापमान: गंधकाचे समस्थानिक की फ्लुइड इन्क्लुजन?

स्फॅलेराइट (जस्ताचं सल्फाइड खनिज) आणि गॅलेना (शिशाचं) किती तापमानाला तयार झालं हे काढायच्या या दोन पद्धतींपैकी प्रबंधाच्या बजेटात एकच बसते, कोणती घेऊ, असं एका विद्यार्थिनीनं विचारलंय.

खर्चात इन्क्लुजन (खनिज वाढताना त्यात अडकलेले द्रवाचे सूक्ष्म थेंब) स्वस्त. दोन्ही बाजूंनी पॉलिश केलेला काप आणि हीटिंग स्टेजचा सूक्ष्मदर्शक असला की भागतं. समस्थानिकांना (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू) त्यांचं प्रमाण मोजणारा मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, तोही बहुधा दुसऱ्यांच्या प्रयोगशाळेतला.

खरी मेख अचूकतेत आहे. समतोलात वाढलेल्या जोडीत स्फॅलेराइटमधलं गंधक-३४ (गंधकाचा जड समस्थानिक) गॅलेनापेक्षा ३०० अंश सेल्सियसला सुमारे २.२ प्रतिसहस्र जास्त असतं, २०० ला सुमारे ३.३. या फरकावरूनच तापमान काढतात, म्हणजे फरकात ०.२ ची चूक झाली की ३०० च्या आसपास उत्तर २५-एक अंशांनी हलतं. ड्रिल करताना एकाची पूड दुसऱ्यात मिसळली तर फरक घटतो आणि तापमान उगाच चढं दिसतं.

इन्क्लुजन तापवल्यावर त्यातला बुडबुडा नाहीसा होतो ते तापमान म्हणजे खनिज वाढण्याच्या तापमानाची किमान मर्यादा असते. अडकताना द्रव उकळत नसेल तर दाबाची दुरुस्ती करावीच लागते. शिवाय गॅलेना अपारदर्शक, तिथे काहीच दिसत नाही.

फिकट, कमी लोहाचं, आरपार दिसणारं स्फॅलेराइट असेल तर इन्क्लुजन घ्या. काळपट असेल आणि गॅलेना त्याला बिलगून वाढलेलं दिसत असेल तर समस्थानिक. राजस्थानातल्या रामपुरा-आगुचासारखं तीव्र रूपांतरण (नंतरच्या उष्णता-दाबानं झालेला बदल) झालेलं खनिज असेल, तर मूळ तापमानासाठी दोन्हींवर पैसे घालू नका.