ज्येष्ठ निवासात उन्हाळा ते वेळ अमावस्या : लातूरजवळचा माझा अनुभव

ऐन उन्हाळ्यात इथं राहायला आले, आता वेळ अमावस्या, म्हणजे मार्गशीर्षातली शेतात साजरी होणारी अमावस्या, होऊन गेली. तिन्ही ऋतू बघून झाले, तेव्हा लिहायला हरकत नाही. मी जिल्हा परिषद शाळेतली निवृत्त शिक्षिका. वय 76, शुगर आहे, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. मुलगा पुण्याला. त्याच्याकडं राहून बघितलं, जमलं नाही.

आधी चांगलं सांगते. न्हाणीत आणि संडासात धरायला दांड्या आहेत, फरशी खरबरीत आहे, उशाशी बेल आहे. रात्री बेल दाबली की मावशी येतात. कधी लगेच, कधी कुरकुरत, पण येतात. इन्व्हर्टर आहे. पाणी बोअरचं, जड, केस चिकट होतात. पण 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं आम्ही बघितलंय, त्यामुळं पाण्याच्या चवीबद्दल मी तोंड उघडत नाही. उन्हाळ्यात टँकरचे पैसे वेगळे लावतात का, हे मात्र आधीच विचारून घ्या. आमच्याकडं लावले.

खरा त्रास वेगळाच होता. इथं सगळं करून देतात. चहा हातात, अंथरूण घातलेलं, गोळ्या त्यांच्या कपाटात. भाजी निवडायला बसले तर “आज्जी, तुम्ही बसा निवांत.” निवांत बसून गुडघे आणखी आखडले आणि डोकं बधिर झालं. मग एकेक काम मागून घ्यायला लागले. आठवड्याच्या गोळ्यांची खणाखणाची डबी आता मी भरते, सिस्टर फक्त तपासतात. इन्सुलिनचा हट्ट धरला नाही. सिरिंजवरच्या रेघा मला दिसत नाहीत.

भाकरीचं भांडण जास्त चाललं. रोज पोळी, तीही गार. भाकरी मागितली तर आली ती चिरा पडलेली. स्वयंपाकघरात जाऊन पीठ बघितलं, महिनाभराचं शिळं. ज्वारीच्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेली की थापताना कडा फाटणारच, त्यात करणाऱ्या बाईचा काय दोष? आता थोडं थोडं दळून आणतात. कधी मधी मी ओट्याशी उंच स्टुलावर बसून चार भाकरी थापते. मॅनेजरांना ते आवडत नाही, खाणाऱ्यांना आवडतं.

दुसरं भांडण फाटकावरचं. बाहेर जायचं तर मुलाची सही लागायची. आयुष्यभर हजेरीपटावर सह्या केलेल्या बाईला बाजारात जायला पोराची परवानगी! पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, आणि फाटक बंद. लेखी अर्ज दिला, वादावादी झाली, आता माझी सही चालते. वेळ अमावस्येला पुतण्यानं शेतात नेलं. कडब्याच्या कोपीसमोर बसून भज्जी, उंडे, आंबील पोटभर खाल्लं. संध्याकाळी शुगर वाढलेली निघाली, सिस्टर बोलल्या, ऐकून घेतलं.

येऊ बघणाऱ्यांसाठी दोन कागदी गोष्टी. घर किंवा शेत पोरांच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्रात सांभाळ करण्याची अट लिहून घ्या. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम 23 त्या अटीच्या आधारावरच कामाला येतं. अट पाळली नाही तर बक्षीसपत्र रद्द करून मागता येतं. आणि पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरमधल्या हयातीच्या दाखल्याचं इथं कोण बघतं ते विचारावं. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही होतो. आमच्याकडं ऑफिसातला पोरगा करून देतो, पण मागं लागावं लागतं.

अनामत रक्कम परत कधी आणि किती मिळते, तेही कागदावर घ्या. तोंडी “मिळंल की” याला अर्थ नाही.

गुडघे धड असते तर गावाकडंच राहिले असते. आहेत तसे गुडघे धरून सांगायचं तर जागा बरी आहे. रात्रीचं जेवण अजून साडेसहालाच वाढतात, त्यावर भांडण चालू आहे. शुगरवाल्यांना झोपताना कपभर दूध, एवढं आत्तापर्यंत पदरात पडलंय.